हजार रुपयांवर उभं राहिलेलं मिशन : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची कहाणी

गावात बचत गट असो, तरुण मंडळ असो की पाणी वापर संस्था, काम सुरू करायचं म्हटलं की दोन प्रश्न आधी उभे राहतात. पैसा कुठून आणायचा आणि काम शिकवणार कोण? सव्वाशे वर्षांपूर्वी हेच दोन प्रश्न एका गरीब घरच्या मराठा पोरापुढं होते. त्याचं नाव विठ्ठल रामजी शिंदे. पुढं लोकांनी त्यांना महर्षी म्हटलं.

शिंदे यांचा जन्म 23 एप्रिल 1873 रोजी जमखंडी संस्थानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील रामजी वारकरी. घरात भजन होतं, पाहुण्यांची वर्दळ होती, पण पैशाची ओढाताण कायमची. हे घर जातपात फारशी मानत नव्हतं आणि त्याचाच ठसा विठ्ठलवर उमटला. बहीण जनाक्का हिला सासरी जाच झाला, तेव्हा तिला माहेरी ठेवून शिकवायचं हे भावानं ठरवलं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

मदतीवर झालेलं शिक्षण

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना पैशाची अडचण पावलोपावली होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या मदतीवर शिक्षण निभावलं. 1898 ला बी. ए. झाले. वकिलीचा अभ्यासही सुरू केला होता. वकील झाले असते तर घरचं दारिद्र्य फिटलं असतं. पण शिंदे प्रार्थना समाजाकडे वळले आणि वकिली मागं पडली ती पडलीच.

1901 साली युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. प्रवासखर्चाला पुन्हा सयाजीरावांनीच हात दिला. दोन वर्षं त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. पण खरं शिक्षण कॉलेजबाहेर झालं. तिथल्या गरीब वस्त्यांत कामं कशी चालतात, संस्था कशी बांधतात, हे त्यांनी बारकाईनं बघितलं. साहेबी पोशाखाचा डौल घेऊन येणारे पुष्कळ होते. शिंदे कामाची पद्धत शिकून आले.

भिंगारची रात्र आणि परळची शाळा

1903 ला परत आल्यावर प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून ते गावोगाव फिरले. 1905 मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगारला अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या लोकांची सभा होती. दिवसभराची कामं उरकून लोक जमले, त्यामुळं सभा रात्री उशिरा भरली. समोरचं दैन्य आणि शिकायची तळमळ पाहून शिंदे यांचा निश्चय तिथंच पक्का झाला. नुसती व्याख्यानं देऊन भागणार नव्हतं. या लोकांसाठी कायमची संस्था हवी होती.

18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत परळला शाळा उघडून डिप्रेस्ड क्लासेस मिशनची सुरुवात झाली. मराठीत तिचं नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष झाले आणि शिंदे सेक्रेटरी. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी हजार रुपये दिले, तेच मिशनचं सुरुवातीचं भांडवल.

हजार रुपये त्या काळी बरे होते, पण संस्था चालवायला किती दिवस पुरणार? पुढचा गाडा वर्गणी आणि देणग्यांवरच ओढायचा होता. शिंदे यांनी अख्खं घरच कामाला जुंपलं. पत्नी रुक्मिणीबाई आणि बहीण जनाक्का मिशनमध्ये राबल्या. शाळेबरोबर वसतिगृह आलं, शिवणकाम आणि पुस्तकबांधणीसारखे हाताला काम देणारे वर्ग आले. 1912 पर्यंत वीसच्या वर शाळा आणि हजारावर मुलं झाली. मुंबई, पुणे, हुबळी, मद्रासपर्यंत शाखा पोचल्या.

पुणे शाखेला शेती कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांची मोठी साथ मिळाली. दख्खनच्या खेड्यांचा आणि शेतकऱ्यांच्या कर्जाचा अभ्यास करणारे तेच हे मॅनसाहेब. इंदूरच्या होळकर महाराजांच्या 20 हजारांच्या देणगीतून नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. 1917 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागंही शिंदे यांची खटपट होती.

ज्यांच्यासाठी केलं त्यांचाच सवाल

इथून पुढं कहाणी अवघड होते. सवर्णांना शिंदे आधीपासून नकोसे होते. स्वतःच्या मराठा समाजातही टीका झाली. आता मिशनच्या कामावर शिकून उभी राहिलेली दलित तरुणांची पिढी विचारू लागली, की आमच्या संस्थेचा कारभार आमच्या हाती का नाही? कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, यावरही वाद पेटला. 1920 च्या नागपूर परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिंदे यांच्या भूमिकेला उघड विरोध केला.

शिंदे यांना हे लागलं. पण सवाल खोटा नव्हता. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांच्या हाती ती कधी ना कधी जायलाच हवी होती. 1923 मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. सतरा वर्षं घाम गाळून उभं केलेलं काम सोडणं सोपं नसतं.

शेतकऱ्यांच्या बाजूनं

ते घरी बसले मात्र नाहीत. सरकारनं जमिनीच्या लहान तुकड्यांबाबत बिल आणलं, तेव्हा बारक्या शेतकऱ्याची जमीनच जाईल अशी भीती पसरली. 1928 साली पुण्यात शेतकरी परिषद भरली. शिंदे तिच्यात पुढं होते. ते बिल अखेर बारगळलं. आज आपल्याला माहीत असलेला तुकडेबंदीचा कायदा त्यानंतर 1947 ला आला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात शिंदे येरवड्याच्या तुरुंगात गेले, तेही उतारवयात. 1933 ला अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचा त्यांचा अभ्यासपूर्ण ग्रंथ आला.

2 जानेवारी 1944 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. अखेरची वर्षं आजारपणात आणि बऱ्याच अंशी एकटेपणात गेली. त्यांच्या नावाचा जयघोष करायला मोठा जमाव कधी नव्हता.

गावपातळीवर संस्था चालवणाऱ्यांनी या माणसाकडून दोन गोष्टी घ्याव्यात. थोड्या पैशानं सुरुवात होते, पण शिकलेली आणि घरदार विसरून राबणारी माणसं असली तरच ती टिकते. आणि ज्यांच्यासाठी काम उभारलं, ते हिशेब मागायला आले की रागवायचं नाही. काम मुळापर्यंत पोचल्याची खूण तीच असते.