कृष्ण अभ्रिकांचे शोधक : एडवर्ड एमर्सन बार्नार्ड

उन्हाळ्याच्या दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यांतील खेड्यांतून माणसें माळवदावर किंवा अंगणांत बाज टाकून निजतात. वैशाखांतील निरभ्र रात्रीं, चंद्र नसतांना, मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे वृश्चिक राशीचा बांक आणि त्यांतील तांबूस ज्येष्ठा स्पष्ट दिसते. तिच्या पूर्वेस आकाशगंगेचा पांढुरका पट्टा वर चढत असतो. परंतु तो पट्टा सर्वत्र सारखा नसतो. त्यांत मधून मधून काळे डाग व काळ्या वाटा दिसतात. जणूं कोणीं दुधांत शाईचे थेंब सोडले आहेत. हे काळे डाग म्हणजे काय, ह्या प्रश्नाचा ज्यांनीं जन्मभर पाठपुरावा केला, त्या एडवर्ड एमर्सन बार्नार्ड ह्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

बार्नार्ड ह्यांचा जन्म अमेरिकेंतील टेनेसी प्रांतांत नॅशव्हिल शहरीं १६ डिसेंबर १८५७ रोजीं झाला. मूल जन्मास येण्यापूर्वींच पित्याचें छत्र हरपलें होतें. माता एलिझाबेथ ही दोन मुलांना घेऊन अत्यंत हलाखींत दिवस काढीत होती. त्यांतच १८६१ सालीं यादवी युद्ध सुरू झालें व गरिबांच्या हालांस पारावार उरला नाहीं. एडवर्डाला शाळेचा लाभ घडला तो उणापुरा दोन महिने. वाचावयास शिकविलें तें आईनें.

१८६६ सालीं, वयाचीं नऊ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, त्याला एका फोटोग्राफरच्या दुकानांत नोकरी धरावी लागली. त्या काळीं विजेचे दिवे नव्हते. लहान चित्र मोठें करावयाचें तर सूर्यप्रकाशावाचून गत्यंतर नसे. दुकानाच्या छपरावर एक प्रचंड कॅमेरा बसविलेला होता. सूर्य सरकेल तसा तो कॅमेरा हातानें हळूहळू फिरवीत राहावयाचें, एवढेंच त्या मुलाचें काम. पूर्वीचीं मुलें ह्या कंटाळवाण्या कामावर झोंपीं जात. एडवर्ड झोंपला नाहीं. उलट दिवसेंदिवस सूर्याकडे लक्ष ठेवतां ठेवतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, देवळाची दुपारची घंटा आणि सूर्याचें माथ्यावर येणें ह्यांचा मेळ नेहमीं बसत नाहीं. वर्षांतून कधीं सूर्य पुढें असतो, कधीं मागें. हें अंतर पाव तासापर्यंत जातें व ज्योतिषशास्त्राला तें पूर्वींपासून ठाऊक आहे, हें त्या पोराला कोण सांगणार? त्यानें तें आपल्या डोळ्यांनीं शोधून काढलें होतें.

रात्रीं उघड्या गाडींत उताणें पडून तारे पाहण्याचा त्याला छंद होता. उन्हाळ्यांत माथ्यावर येणारी एक तेजस्वी तारका त्याच्या विशेष आवडीची होती. परंतु तिचें नांव सांगणारें कोणी नव्हतें. पुढें एका परिचितानें थोडे पैसे उसने नेले व तारण म्हणून एक पुस्तक ठेवलें. पैसे परत आले नाहींत. पण पुस्तक थॉमस डिक ह्या ग्रंथकाराचें, ज्योतिषावरचें निघालें. त्यांतील नकाशा खिडकींतून दिसणाऱ्या आकाशाशीं ताडून पाहतांना त्याला कळलें कीं, आपली ती जुनी मैत्रीण म्हणजे अभिजित. बुडालेल्या कर्जाचें एवढें व्याज क्वचितच कोणाला मिळालें असेल!

पुढें त्यानें ३८० डॉलर खर्चून पांच इंची दुर्बीण घेतली. ही रक्कम त्याच्या वर्षाच्या पगाराच्या सुमारें दोन तृतीयांश होती. १८७७ सालीं नॅशव्हिल येथें शास्त्रज्ञांची परिषद भरली असतां ह्या तरुणानें विख्यात ज्योतिषी सायमन न्यूकम ह्यांची भेट घेऊन सल्ला विचारला. गणित चांगलें येत नसेल तर ह्या शास्त्रांत फारसें कांहीं साधणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर मिळालें. तो तरुण एका खांबाआड जाऊन रडला. परंतु डोळे पुसल्यावर त्यानें केलें काय, तर गणितासाठीं शिकवणी लावली.

त्या काळीं अमेरिकेंत एका धनिकानें नवा धूमकेतु शोधणारास २०० डॉलरांचें बक्षीस लाविलें होतें. दिवसा दुकानांत राबून रात्रीं आकाश धुंडाळणाऱ्या बार्नार्ड ह्यांनीं १८८१ सालीं पहिलें बक्षीस मिळविलें. त्याच वर्षीं ऱ्होडा कॅल्व्हर्ट ह्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. घर बांधावयास काढलें. हप्त्याची वेळ आली कीं एखादा धूमकेतु सांपडे व कर्ज फिटे. लोक त्या घराला धूमकेतूंचें घर म्हणूं लागले. १८८३ सालीं व्हँडरबिल्ट विद्यापीठानें त्यांना शिष्यवृत्ति देऊन वेधशाळेचें काम सोंपविलें. पंचवीस वर्षांचा संसारी गृहस्थ कोवळ्या पोरांच्या शेजारीं बांकावर बसून गणित व भाषा शिकूं लागला. त्यांत त्यांना लाज वाटली नाहीं.

१८८८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंत त्यांची नेमणूक झाली. तेथील छत्तीस इंची दुर्बिणींतून ९ सप्टेंबर १८९२ रोजीं त्यांनीं गुरूचा पांचवा चंद्र शोधला. गॅलिलिओनें १६१० सालीं चार चंद्र पाहिल्यानंतर २८२ वर्षांत गुरूचा नवा चंद्र कोणालाहि सांपडला नव्हता. ह्या शोधानें त्यांचें नांव जगभर झालें; परंतु त्यांचें खरें जीवितकार्य ह्याच डोंगरावर एका लहानशा भिंगानें आरंभलें होतें.

तें भिंग सुमारें सहा इंचांचें, मुळांत फोटोग्राफरच्या दुकानांत माणसांच्या तसबिरी काढण्यासाठीं घडविलेलें. त्यानें बार्नार्ड १८८९ पासून आकाशगंगेचीं छायाचित्रें घेऊं लागले. मानवी डोळा प्रकाश सांठवीत नाहीं. तासभर पाहिलें तरी पहिल्या क्षणापेक्षां फारसें अधिक दिसत नाहीं. छायाचित्राच्या कांचेचें तसें नसतें. तिच्यावर पडलेला प्रकाश सांचत जातो व चार-सहा तासांनीं डोळ्याला कधींच न दिसलेले तारे तिच्यावर उमटतात. मात्र पृथ्वी फिरते, तारे सरकतात. म्हणून सारा वेळ कॅमेरा त्यांच्याबरोबर अचूक फिरला पाहिजे. यंत्राची चाल सर्वस्वी भरंवशाची नव्हती. दुर्बिणींतील बारीक तारेवर एक तारका धरून, ती केसभर हलली कीं हातानें दुरुस्ती करीत, अंधारांत तासन् तास उभें राहावें लागे. वाचकहो, नॅशव्हिलच्या छपरावर सूर्याचा पाठलाग करणाऱ्या पोराला हें काम कोणीं शिकवावयास हवें होतें काय?

१८९५ सालीं ते शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेंत गेले. कॅथरिन ब्रूस ह्या उदार बाईंनीं दिलेल्या ७००० डॉलरांतून त्यांच्यासाठीं छायाचित्रणाची खास दुर्बीण तयार झाली. १९०५ सालीं ती माउंट विल्सन ह्या पर्वतावर नेऊन त्यांनीं आकाशगंगेचीं अप्रतिम चित्रें घेतलीं.

त्या चित्रांत काळ्या डागांचें कोडें अधिकच ठळक झालें. शंभर वर्षांपूर्वीं विल्यम हर्शेल ह्यांनीं वृश्चिक राशींत असें तारेविरहित स्थळ पाहून तें आकाशाला पडलेलें छिद्र मानलें होतें. बार्नार्ड ह्यांचीहि प्रथम तीच समजूत होती. पण संशय बळावत गेला. हीं छिद्रें असतील, तर ताऱ्यांच्या अफाट गर्दींतून आरपार जाणारे इतके बोगदे नेमके आपल्या पृथ्वीकडेच तोंड करून कसे? शिवाय ज्येष्ठेच्या उत्तरेस तर अंधुक तेजाचा ढग व काळोख एकमेकांत मिसळलेले दिसत. १९१३ सालच्या उन्हाळ्यांतील एका स्वच्छ रात्रीं धनु राशींतील उजळ आकाशगंगेवरून ढगांचे लहान लहान पुंजके जातांना त्यांनीं पाहिले. ते पुंजके त्या उजेडावर शाईसारखे काळे दिसत होते. हुबेहूब आपल्या चित्रांतील डागांसारखे! मग तेहि डाग छिद्रें नसून तारे झांकणारे पदार्थच असतील, ही त्यांची खात्री होत गेली. १९१९ सालीं त्यांनीं अशा १८२ काळ्या स्थळांची यादी प्रसिद्ध केली. तींत प्रत्येक डागाविषयीं ठाम विधान न करण्याचा सावधपणाहि होता. पुढें १९३० सालीं लिक वेधशाळेंतील ट्रम्प्लर ह्यांनीं ताऱ्यांमधील धुळीनें प्रकाश शोषला जातो हें सिद्ध केलें. ह्या कृष्ण अभ्रिका अतिशीत वायूच्या व सूक्ष्म धुळीच्या बनलेल्या असतात. आणि नवल हें कीं, नवे तारे ह्यांच्याच पोटीं जन्म घेतात. जी जागा रिकामी समजली, तीच ताऱ्यांची सूतिकागृह ठरली.

आकाशगंगेच्या निवडक चित्रांचा संग्रह छापण्याचें काम बार्नार्ड ह्यांनीं हातीं घेतलें. ७०० प्रतींसाठीं लागणारे हजारों फोटो त्यांनीं स्वतः एकेक तपासले. परंतु संग्रह पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ६ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. पत्नीची पुतणी मेरी कॅल्व्हर्ट व वेधशाळेचे प्रमुख फ्रॉस्ट ह्यांनीं तें काम पुरें करून १९२७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. आज जगांतील हौशी ज्योतिषी लहान कॅमेऱ्यानें ह्या अभ्रिकांचीं चित्रें घेतात, तेव्हां त्या बार्नार्ड ह्यांच्याच क्रमांकांनीं ओळखतात. मृग नक्षत्रांतील घोड्याच्या डोक्यासारखी काळी आकृति हा बार्नार्ड ३३.

आकाशाच्या छायाचित्रणाची ही विद्या त्याच काळांत आमच्या दारापर्यंतहि येऊन गेली आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणांतून घाटावर चढून आमच्या जिल्ह्यावरून ईशान्येस गेली. त्या वेळीं जवळच करमाळें तालुक्यांतील जेऊर येथें लिक वेधशाळेचे कँपबेल आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांवाला ह्यांनीं आपापलीं यंत्रें मांडून ग्रहणाचीं चित्रें घेतलीं. तेव्हां हें शास्त्र दूरदेशींचें म्हणून आपण त्याला परकें मानूं नये.

दसरा-दिवाळी सरली म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीला जातात व कित्येक मुलांची शाळा मध्येंच सुटते. दोन महिन्यांच्या शाळेवर बार्नार्ड मोठे झाले, मग शाळा हवी कशाला, असें कोणी म्हणेल तर तें चुकेल. त्या दोन महिन्यांची उणीव त्यांना जन्मभर जाचली. म्हणूनच संधि मिळतांच पंचविसाव्या वर्षीं ते बांकावर जाऊन बसले. आईबापांस आमची विनंती एवढीच कीं, सुटलेलें मूल वय वाढलें म्हणून घरीं ठेवूं नये, पुन्हा शाळेंत आणून बसवावें. आणि विद्यार्थिमित्रहो, येत्या उन्हाळ्यांत माळवदावर पडाल तेव्हां ज्येष्ठेच्या आसपासचा तो काळोख एकदां निरखून पाहा. तो रिकामा नाहीं.