देह थकला, सेवा नाही

गाडगेबाबांचा जन्म शेंडगावचा, १८७६ सालचा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनाला उभं राहायचं, हा बाबांचा नेम. पंढरीत गेले तरी हातात खराटाच. म्हातारपणी मधुमेहानं अंग पोखरलं. तरी वयाची ऐंशी उलटल्यावर, ८ नोव्हेंबर १९५६ ला, बाबा वांद्र्याला कीर्तनाला उभे राहिले. २० डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीकाठी देह ठेवला.

आमच्या नवी मुंबईच्या दिंडीतही कुणाचे गुडघे गेले, कुणाचा पाय मोडला. ही मंडळी लाजून घरी बसतात. त्यांना आम्ही एवढंच सांगतो, चालणं सुटलं म्हणून वारी सुटत नाही. मुक्कामाला या, बसून भाजी निवडा, टाळ धरा. पांडुरंगाला तीही सेवा पोचते.