ट्रिनिटीतला न्यूटन, ट्रिनिटी न मानणारा

१६७५ ची सुरुवात. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात बत्तीस वर्षांचा एक प्राध्यापक आपली फेलोशिप जाणार असं धरूनच बसलाय. नियम साधा होता. एम. ए. नंतर सात वर्षांत चर्चची दीक्षा घ्यायची, नाहीतर जागा सोडायची. बाकीचे घेऊन मोकळे होत. याला ते जमेना. प्राध्यापकाचं नाव आयझॅक न्यूटन.

तुम्हाला वाटेल, नास्तिक असणार. छे! बायबल त्याने ज्या चिकाटीने वाचलं, तेवढं अनेक धर्मगुरूंनीही वाचलं नसेल. अडचण एकाच प्रश्नाची होती : येशू नक्की कोण?

या प्रश्नावर चर्चमध्ये आधीच मोठं रण माजून गेलं होतं. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा एरियस सांगू लागला की, पुत्र थोर खरा, पण तो पित्याने निर्माण केलेला. पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेने हे फेटाळलं आणि पिता-पुत्र एकाच तत्त्वाचे ठरवले. पुढे ४५१ मध्ये कॅल्सेडनच्या सभेने सांगितलं की, येशू ही एकच व्यक्ती, पण स्वभाव दोन : पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. अर्धा-अर्धा नव्हे हं, शंभर टक्के हे आणि शंभर टक्के तेही. यामागे विचार होता. तारण देवच करू शकतो, म्हणून तो देव हवा. आणि माणसाचं दुःख, मरण खरोखर भोगायचं, तर तो माणूसही हवा.

न्यूटनने जुनी हस्तलिखितं आणि चर्चचे आद्य लेखक धुंडाळले आणि तो एरियसच्या बाजूला झुकला. येशू त्याच्या लेखी मसीहा होता, देवाचा पुत्र होता, वंदनीय होता. पण त्याला परमेश्वर मानून पुजणं म्हणजे मूर्तिपूजाच, असं त्याचं मत झालं. आणि हा माणूस राहत होता कुठे? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचं नाव लावणाऱ्या कॉलेजात!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजा दुसरा चार्ल्स याचा हुकूम आला : न्यूटनच्या पदावरच्या प्राध्यापकाला दीक्षेची सक्ती नाही. खरं कारण अर्थातच कागदावर आलं नाही. न्यूटन वाचला, पण तोंड मिटून राहण्याच्या अटीवर. ती अट त्याने स्वतःच स्वतःला घातलेली.

एकदा मात्र तो बोलण्याच्या अगदी जवळ आला. १६९० मध्ये त्याने तत्त्वज्ञ जॉन लॉक याला एक लांबलचक लेख पाठवला. त्रैक्याचा आधार मानली जाणारी बायबलमधली दोन वचनं मागाहून बदललेली आहेत, असं त्यात होतं. त्यातलं एक योहानाच्या पहिल्या पत्रातलं. ते जुन्या ग्रीक प्रतींत नव्हतंच, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. (श्रद्धावंतांचं म्हणणं असं की, आमची श्रद्धा त्या एका ओळीवर उभी नाही. तेही बरोबर आहे.) लेख हॉलंडमध्ये निनावी छापायचं ठरलं. १६९२ मध्ये न्यूटन घाबरला आणि त्याने तो थांबवला.

भित्रा म्हणायचं का त्याला? म्हणण्याआधी हे ऐका. १६९७ मध्ये एडिंबरो विद्यापीठातल्या थॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी दिलं गेलं. तुमच्याच वयाचा पोरगा. त्रैक्याची आणि बायबलची टवाळी केली, हा आरोप.

तरी एक गोष्ट मला खटकतेच. न्यूटननंतर त्याच्याच पदावर विल्यम व्हिस्टन आला. मतं साधारण तीच, पण हा ती उघड बोलायचा. १७१० मध्ये केंब्रिजने त्याला काढून टाकलं. ज्याच्या पाठिंब्याने तो त्या खुर्चीवर आला होता, तो न्यूटन तेव्हा रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. त्याने व्हिस्टनसाठी एक शब्द काढला नाही.

मार्च १७२७ मध्ये, मरणाच्या दारात असताना, न्यूटनने चर्चचा अखेरचा संस्कार नाकारला. ही गोष्ट घरच्यांपुरतीच राहिली आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला मोठ्या मानाने पुरलं गेलं. धर्मावरचे त्याचे कागद मात्र छापण्यालायक नाहीत असा शेरा मारून बांधून ठेवले गेले. १९३६ मध्ये लंडनला त्यांचा लिलाव झाला. त्यातले बरेचसे आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि कुणालाही वाचता येतात.