मुद्रक जावजी दादाजी

वाचकहो, पुस्तक हाती आले की आपण लेखकाचे नाव पाहतो. तळाशी बारीक अक्षरात असलेले छापखान्याचे नाव कोण वाचतो? मीही वर्षानुवर्षे वाचले नाही. म्हणून त्या तळच्या ओळीतील एका माणसाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म मुंबईत १८३९ साली झाला. घरी दारिद्र्य, त्यामुळे शाळा फारशी घडली नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. काम काय, तर ओतलेले खिळे घासून साफ करणे! तेथे टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी खिळ्यांचे जाणकार होते. मुलाने हात चालवता चालवता डोळेही उघडे ठेवले. पुढे टाइम्स ऑफ इंडिया आणि इंदुप्रकाश यांच्या छापखान्यांत नोकरी करून त्यांनी धंद्याची अंगे जाणून घेतली.

आता खिळ्याचे काम किती किचकट, ते पाहा. पोलादावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात उमटवायचा आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा. इंग्रजीचे सव्वीस अक्षरांत भागते, फार तर लहानमोठी मिळून बावन्न. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे धरली तर खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. शिक्षकाला फळ्यावर खडूने ‘क्ष्म्य’ लिहायला क्षण पुरतो, कोरणाऱ्याचा मात्र दिवस जातो. जावजींना असा कोरणारा मित्र लाभला, राणोजी रावजी आरू. त्यांच्या साथीने १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना निघाला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना.

निर्णयसागर पंचांग घरोघरी गेले. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून तेथेच छापले जाई. पण खरी कसोटी संस्कृत ग्रंथांची होती. हस्तलिखितांत पाठ वेगवेगळे; एक अनुस्वार चुकला तरी अर्थ फिरतो. जावजी स्वतः पंडित नव्हते, आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी शास्त्र्यांना पदरी ठेवून संशोधन व मुद्रिते तपासण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. याच दोघांनी सिद्ध केलेला ‘कथासरित्सागर’ १८८९ मध्ये निघाला. निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असा लौकिक देशातच नव्हे तर युरोपातील संस्कृतज्ञांतही पसरला.

१८९२ मध्ये जावजी वारले. पुत्र तुकाराम जावजी यांनी काम पुढे चालवले. पुढच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर, तळाशी, बारीक अक्षरात, मुलाच्या नावाला जोडून बापाचे नाव येत राहिले.