विजेचे माप घेणारा शिक्षक

चंद्रपूर नगराजवळ एक मोठे औष्णिक विद्युत्केंद्र आहे. आसपासच्या खाणींतील दगडी कोळसा आणि इरई धरणाचे पाणी यांच्या साहाय्याने तेथे वीज निर्माण होते आणि उंच मनोऱ्यांवरून ताणलेल्या तारांतून ती दूरदूर जाते. चंद्रपूरहून निघणारी एक वाहिनी तर ७५२ किलोमीटरांवरील, ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत गेली आहे. दुसरीकडे, गडचिरोलीच्या अरण्यात साग आणि बांबू यांच्या रानांतून वाट काढीत बारीक तारा लहान लहान गावांपर्यंत जातात आणि तेथील घरांत दिवे लावतात.

तार किती लांब आहे, ती किती जाड असावी आणि तिच्यातून किती वीज वाहील, याचा हिशेब अभियंता आधीच कागदावर मांडतो. तार टाकून पाहावी आणि मग दिवा लागतो की नाही याची वाट पाहावी, असे त्याला करावे लागत नाही. हा हिशेब ज्या नियमाच्या आधारे होतो, तो नियम सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका शाळेतील शिक्षकाने शोधून काढला. त्याचे नाव जॉर्ज सायमन ओहम.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. त्याचा बाप कुलुपे तयार करणारा कारागीर होता. त्याला फारसे शालेय शिक्षण मिळाले नव्हते. परंतु विद्येची ओढ इतकी, की दिवसभर हातोडी-कानस चालवून उरलेल्या वेळात तो स्वतःच गणित व विज्ञान शिकला. ओहम दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. सात भावंडांपैकी तिघेच जगली. बापाने जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ मार्टिन यांना स्वतः गणित शिकविले. पुढे मार्टिनही गणिती म्हणून प्रसिद्धीस आला.

सोळाव्या वर्षी ओहम विद्यापीठात गेला. तेथे मात्र त्याचे चित्त अभ्यासावरून उडाले. नाच, बिलियर्ड आणि बर्फावरून घसरण्याचा खेळ यांत त्याचे दिवस जाऊ लागले. आपल्याला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवीत आहे, हे पाहून बाप संतापला. ओहमला विद्यापीठ सोडावे लागले. १८०६ साली तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक झाला. तेथे त्याने आपली चूक भरून काढली. शिकवून उरलेल्या वेळात थोर गणितज्ञांचे ग्रंथ वाचून काढले आणि १८११ साली परत येऊन एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. त्यानंतर काही वर्षे त्याने हलाखीत काढली. १८१७ साली कोलोन येथील विद्यालयात त्याला गणित आणि पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम मिळाले. त्या विद्यालयात चांगली प्रयोगशाळा होती. बापाच्या दुकानात शिकलेले हस्तकौशल्य आता ओहमच्या उपयोगी पडले. प्रयोगाला लागणारी उपकरणे तो स्वतः बनवू लागला.

त्या काळी विजेचा प्रवाह ही नवलाईची वस्तू होती. १८०० साली इटलीतील व्होल्टाने पहिला विद्युत्घट जगापुढे मांडला होता. दोन भिन्न धातूंच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजविलेली चकती, अशी ती चळत होती. तिच्या दोन टोकांना तार जोडली की तारेतून वीज वाहू लागे. मात्र तार एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला परत पोचली पाहिजे. वाटेत कोठेही ती तुटली, तर प्रवाह तत्काळ थांबतो. विजेच्या या पूर्ण वाटेस विद्युत्मंडल म्हणतात. आपण भिंतीवरचे बटण दाबतो तेव्हा हे मंडलच जोडतो किंवा तोडतो. पुढे १८२० साली डेन्मार्कमधील ऊर्स्टेड याला आढळले, की वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसुई धरली, तर ती वळते. वीज वाहते, हे सर्वांस ठाऊक झाले; पण ती किती वाहते आणि तितकीच का वाहते, हे कोणासही नेमके सांगता येत नव्हते. ओहमने हाच प्रश्न हाती घेतला.

हा प्रश्न समजण्यास पाण्याचा दृष्टांत उपयोगी पडेल. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत धानाच्या शेतीसाठी बांधलेले जुने तलाव आहेत. तलावाचे पाणी पाटाने बांधीत येते. तलाव काठोकाठ भरलेला असला, म्हणजे पाण्याचा दाब अधिक असतो आणि पाटाला जोराचा प्रवाह येतो. पाट अरुंद व लांब असला, तर तेच पाणी रेंगाळत येते. विजेचेही असेच आहे. घट विजेला दाब देतो आणि तार तिला अडविते. तारेच्या या अडविण्याच्या गुणास रोध म्हणतात. पाणी शेतात मुरून जाते. वीज मात्र मंडल पूर्ण करून घटाकडे परतते, एवढा भेद ध्यानात ठेवावा.

ओहमने जाडी तीच पण लांबी निरनिराळी अशा तारा घेतल्या. प्रत्येक तार घटाला जोडायची आणि तिच्यातून किती प्रवाह जातो, हे टांगलेल्या चुंबकसुईच्या साहाय्याने मोजायचे, असा त्याचा प्रयोग होता. परंतु त्या वेळच्या घटांचा जोर क्षणोक्षणी बदलत असे. मापांचा मेळ बसेना. १८२५ साली ओहमने आपला पहिला निष्कर्ष छापून प्रसिद्ध केला. पण तो चुकीचा होता, हे लवकरच त्याला कळून आले.

छापलेले चुकले, तर पुष्कळ माणसे ते झाकू पाहतात. ओहमने तसे केले नाही. त्याने प्रयोग पुन्हा आरंभिला. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने व्होल्टाचा घट बाजूस ठेवला आणि तांबे व बिस्मथ या धातूंचा जोड घेतला. अशा जोडाचे एक टोक तापविले आणि दुसरे थंड ठेवले, तर वीज उत्पन्न होते. ओहमने एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्हींचे उष्णतामान बदलत नाही. म्हणून विजेचा दाबही स्थिर राहिला. मग त्याने २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडल्या. दिवसामागून दिवस तो तीच मापे पुनःपुन्हा घेत राहिला. आता आकड्यांचा मेळ बसला. १८२६ साली नियम हाती आला.

तो नियम असा : दाब दुप्पट केला, तर प्रवाह दुप्पट होतो, रोध दुप्पट केला, तर प्रवाह निम्मा होतो. दाब १२ व्होल्ट आणि रोध ४ ओहम असेल, तर प्रवाह ३ अँपिअर असतो. रोध ८ ओहम झाला, तर प्रवाह दीडच अँपिअर उरतो. तार लांब असली म्हणजे रोध वाढतो, जाड असली म्हणजे घटतो. दोन दिवे एकापुढे एक जोडले, तर त्यांच्या रोधांची बेरीज होते आणि दोन्ही मंद जळतात. त्यांतला एक विझला, की दुसराही विझतो. तेच दिवे शेजारीशेजारी, आपापल्या स्वतंत्र वाटेने जोडले, तर दोघांनाही पूर्ण दाब मिळतो. आपल्या घरांतील दिवे याच रीतीने जोडलेले असतात. म्हणूनच स्वयंपाकघरातील दिवा मालवला, तरी ओसरीवरचा जळत राहतो.

१८२७ साली ओहमने आपले सर्व संशोधन एका ग्रंथात मांडले. या कामाच्या बळावर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळेल, अशी त्याला आशा होती. परंतु घडले उलटेच. निसर्गाचा विचार गणिताने करावा, हे त्या वेळच्या अनेक जर्मन विद्वानांस रुचत नसे. कित्येकांनी ग्रंथाची उपेक्षा केली, तर काहींनी कठोर टीका केली. ओहमचे मन दुखावले. १८२८ साली त्याने कोलोनच्या विद्यालयातील जागेचा राजीनामा दिला. पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये गणित शिकवून त्याने कसाबसा निर्वाह केला. तरीही स्वतः घेतलेली मापे खोटी आहेत, असे त्याने कधी मान्य केले नाही. १८३३ साली न्यूरेम्बर्ग येथील तंत्रविद्यालयात त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली.

हळूहळू अन्य देशांतील शास्त्रज्ञांस ओहमच्या नियमाचे मोल पटू लागले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक देऊन गौरविले. मग स्वदेशासही त्याची थोरवी कळली. १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तो म्युनिक विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. तरुणपणापासून ज्या पदाची आस धरली होती, ते त्याला आयुष्याच्या अखेरीस लाभले. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्याचा अंत झाला. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्शास्त्रज्ञांच्या परिषदेने रोधाच्या मापास ओहमचे नाव दिले.

चंद्रपूरहून पडघ्याकडे जाणाऱ्या वाहिनीत विजेचा दाब ५०० किलोव्होल्ट, म्हणजे पाच लक्ष व्होल्ट ठेवलेला असतो. इतक्या लांब तारेचा रोध टाळता येत नाही. पण दाब वाढविला, की थोड्या प्रवाहानेही तेवढीच शक्ती पोचविता येते, आणि प्रवाह थोडा असला म्हणजे तार तापून होणारी विजेची नासाडी कमी होते. अरण्यातील एखाद्या गावी, लांब व बारीक तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला दिवा मंद जळत असेल, तर दाबाचा काही भाग वाटेतील तारेनेच खाल्ला आहे, असे समजावे. अभियंता तेथे जाड तार घालतो किंवा वाटेत दाब वाढविण्याची सोय करतो, आणि दिवा उजळतो. त्या वेळी तो जो हिशेब करतो, तो कुलुपे घडविणाऱ्याच्या त्या मुलाने उकळते पाणी आणि बर्फ यांच्यामध्ये बसून प्रथम मांडला होता.