आग्नर क्रारुप अर्लांग

आग्नर क्रारुप अर्लांग (१ जानेवारी १८७८ - ३ फेब्रुवारी १९२९) हे डॅनिश गणितज्ञ होते. दूरध्वनी वाहतुकीच्या गणिती अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

कोपनहेगन विद्यापीठातून १९०१ मध्ये पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शाळांत अध्यापन केले. १९०८ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत दाखल झाले. वाहिन्या कमी ठेवल्या तर ग्राहकाचा कॉल लागत नसे, जास्त ठेवल्या तर पैसा वाया जाई. परस्परांशी संबंध नसलेले कॉल प्वासाँ वितरणानुसार येतात, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवले; १९१७ मध्ये कॉल नाकारला जाण्याची संभाव्यता आणि प्रतीक्षाकाळ काढण्याची सूत्रे मांडली. ब्रिटिश टपाल खात्यानेही त्यांचा अवलंब केला. हे काम केवळ कागदावरचे नव्हते. केबलच्या मोजमापांसाठी, शिडी वाहणाऱ्या मदतनिसासह, ते रस्त्यावरील मॅनहोलमध्ये उतरत.

१९४६ मध्ये दूरध्वनी वाहतुकीच्या एककास त्यांचे नाव देण्यात आले. कॉलच्या आगमनासाठी त्यांनी वापरलेली प्वासाँ प्रक्रिया आज संगणक जाळ्यांच्या मापनातही आढळते. चाचणी-पॅकेटे समान अंतराने पाठवल्यास ती जाळ्यातील आवर्ती घडामोडींशी जुळून विलंबाचे चुकीचे चित्र देऊ शकतात. म्हणून ती प्वासाँ प्रक्रियेनुसार यादृच्छिक अंतराने सोडावीत, अशी शिफारस १९९८ च्या आरएफसी २३३० या दस्तऐवजात आहे.