आकड्यांचे वेड लागलेले मास्तर

मैत्रिणींनो, गणित म्हटलं की आपल्यापैकी कितीतरी जणींच्या पोटात गोळा येतो. बचत गटाचं व्याज तोंडी सांगणारी आमच्या अनसिंगची बाईसुद्धा आपल्याला गणित येत नाही असंच म्हणते! म्हणूनच आज नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांची ओळख करून द्यावीशी वाटली.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. त्यातूनच मुलाला आकड्यांची गोडी लागली. ठाण्याला शाळा, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ साली बी.एस्सी. झाले. १९३० ते १९६२ देवळालीत मास्तरकी केली. पुढची मोठी पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही.

रेल्वेने जाता-येता डोंबिवली स्टेशनावर त्यांना एक कल्पना सुचली. स्टेशनाच्या ‘डेमलो’ या जुन्या नावावरून त्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटलं. नऊ वेळा एक लिहा, १११११११११. हिला हिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या, पण कशी पायऱ्या चढून उतरल्यासारखी! रांगोळीच जणू.

त्यांचं नाव झालं ते मात्र ६१७४ मुळे. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा आणि वजाबाकी करा. उत्तराला पुन्हा तेच. त्यांचं जन्मसाल १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. तिथून हलायचं नावच नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च! जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं.

आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हा पोरखेळ वाटला. मास्तर छोट्या नियतकालिकांत लिहीत, स्वतःच पुस्तिका छापत. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून म्हातारपणी शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्यांच्या नावाची संख्या गणितात कायमची राहिली, त्यांच्यावर ही वेळ यावी याचं मला फार वाईट वाटतं. १९७५ साली अमेरिकेतले लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला हे मास्तर कळले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

तीन आकडी संख्येलाही अशीच एक थांबायची जागा आहे बरं का. ती कोणती, ते मी सांगत नाही. दुपारी पोरींना जवळ घ्या, पाटी-पेन्सिल काढा आणि तुम्हीच शोधा.